उघड्या फाइलीचं नाव बदललं आणि केलेलं काम दिसेना: काय तपासायचं, कुठे थांबायचं

खालच्यापैकी एक जरी लक्षण तुमच्या संगणकावर दिसत असेल, तर आत्ता काही बंद करू नका, काही डिलीट करू नका आणि कंट्रोल-एस दाबू नका. खिडकी उघडी आहे तशी राहू द्या आणि आधी हे वाचा.

लक्षणं

एकाच फोल्डरमध्ये एकाच मजकुराच्या दोन फाइली झाल्या आहेत. एक जुन्या नावाची, एक नव्या नावाची. नव्या नावाची उघडली तर दोन तास बसून केलेली दुरुस्ती तिच्यात नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त.

नाव बदलायला गेलं की विंडोज अडवतं: फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, ती बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तुम्ही तर सगळं बंद केलेलं असतं.

एडिटरच्या (ज्यात लिहिता त्या प्रोग्रॅमच्या) टॅबवरच्या नावावर आडवी रेघ दिसते. किंवा नोटपॅड प्लस प्लस विचारतं, की ही फाइल आता जागेवर नाही, एडिटरमध्ये ठेवायची का?

नाव बदलल्यानंतर फाइलीचं चित्र कोरं पांढरं झालं आणि डबल क्लिक केल्यावर विंडोज विचारतं, कशात उघडू?

आणि एक लक्षण मराठीत टाइप करणाऱ्यांनाच जास्त भेटतं: एकाच फोल्डरमध्ये अगदी सारख्या नावाच्या दोन फाइली, अक्षरात कानामात्रेचाही फरक नाही, तरी संगणक दोन्ही ठेवून घेतो.

हे का होतं

मी गोव्यातल्या डिचोलीत टायपिंग आणि डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं लावायचं) काम करते. जत्रेच्या नाटकांच्या संहिता, देवस्थानच्या महाजनांच्या सभेची इतिवृत्तं, भजनी मंडळांच्या पत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. हे काम करणारी माणसं स्वतः घरी थोडंफार टाइप करून पेनड्राइव्हवर आणतात, आणि वर सांगितलेला घोटाळा घेऊन महिन्यातून दोन-तीन जण तरी येतातच. जत्रांच्या दिवसांत त्याहून जास्त.

एका वाड्यावरच्या हौशी मंडळाची गोष्ट सांगते, कारण त्यात सगळा प्रकार नीट दिसतो. दिग्दर्शक काका शाळेतून निवृत्त झालेले. घरच्या जुन्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये संहिता लिहायचे. त्या दिवशी ‘नाटक जुने’ ही फाइल उघडून दुसऱ्या अंकात काटछाट करत होते. मध्येच त्यांना वाटलं, आता ही पक्की संहिता झाली, नाव बदलू या. नोटपॅड उघडंच ठेवून ते फोल्डरमध्ये गेले, फाइलीवर राइट क्लिक केलं, रीनेम केलं, ‘नाटक अंतिम’. विंडोजनं काही हरकत घेतली नाही. परत नोटपॅडमध्ये येऊन आणखी दोन तास काम केलं, अधूनमधून सेव्ह करत. मग ‘नाटक अंतिम’ पेनड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे आले. मी चौदा प्रती काढून दिल्या.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात तालीम सुरू झाली. दुसऱ्या अंकात प्रॉम्प्टरनं विंगेतून वाक्य दिलं आणि सुनेचं काम करणारी मुलगी गप्प उभी राहिली. ते वाक्य काढून टाकलेलं होतं, तिला नवं पाठ होतं. प्रॉम्प्टरच्या हातातल्या कागदावर मात्र जुनंच. काका मला फोनवर म्हणाले, “बाय, हे सगळं मी बदललं होतं गे. कंट्रोल-एस केलं होतं, मला पक्कं आठवतं.”

त्यांचं खरं होतं. सेव्ह झालं होतं, पण दुसऱ्या फाइलीत.

नोटपॅड फाइल उघडतं तेव्हा आतला मजकूर वाचून आपल्याकडे घेतं आणि डिस्कवरची फाइल लगेच सोडून देतं. त्याच्याजवळ उरतात दोनच गोष्टी: मजकूर आणि पत्ता. पत्ता म्हणजे कुठला ड्राइव्ह, कुठला फोल्डर, काय नाव. बाहेरून कुणी नाव बदललं तर त्याला कळत नाही. तुम्ही सेव्ह म्हणता तेव्हा ते जुन्याच पत्त्यावर जातं, तिथं फाइल सापडली नाही तर नवी तयार करतं आणि सगळा मजकूर तिच्यात लिहितं. म्हणून नव्या नावाच्या फाइलीत जुना मजकूर राहतो आणि जुन्या नावाच्या फाइलीत नवा.

वर्डचं वागणं याच्या उलट. वर्ड फाइल उघडी असेपर्यंत धरून ठेवतं, म्हणून विंडोज नाव बदलू देत नाही. लोकांना या अडवणुकीचा राग येतो, पण ती तुमच्या कामाची राखण आहे. नोटपॅडमध्ये ती राखण नाही.

मॅक आणि लिनक्सवर नाव फोल्डरच्या यादीत असतं आणि मजकूर वेगळा, त्यामुळे उघड्या फाइलीचं नाव बदलायला सहसा अडथळा येत नाही. मॅकवरचं टेक्स्टएडिट तर फाइलीचं नाव फाइंडरमधून बदललं तरी ती ओळखतं आणि टायटल बारवरही नवं नाव आणतं. लिनक्सवर बरेच एडिटर पत्ताच लक्षात ठेवतात, आणि तिथं काकांच्या लॅपटॉपवर झालं तसंच होऊ शकतं.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी.

टायटल बार वाचा

खिडकीच्या अगदी वर कुठलं नाव आहे ते बघा. तुम्ही नवं नाव दिलंय आणि वर अजून जुनंच दिसतंय, तर निदान झालंच. एडिटर जुन्या पत्त्यावर लिहितोय.

त्या नावाआधी तारा आहे का तेही बघा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड सेव्ह न झालेल्या मजकुराची खूण म्हणून नावाआधी तारा दाखवतं. तारा असेल तर शेवटची दुरुस्ती अजून कुठल्याच फाइलीत उतरलेली नाही, ती फक्त त्या खिडकीत आहे. पुढचं प्रत्येक पाऊल यावर ठरतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि वीज गेल्यावर जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह न केलेलं काही मागे राहत नाही. म्हणून तारा दिसला की सगळ्यात आधी पुढचं करा.

उघड्या खिडकीतला मजकूर उचलून ठेवा

कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. नवी रिकामी खिडकी उघडा, कंट्रोल-व्ही, आणि ती डेस्कटॉपवर कधीच न वापरलेल्या नावानं सेव्ह करा. मी ‘वाचवलेलं’ असं लिहून पुढे वेळ टाकते. एवढ्यानं जुन्या-नव्या दोन्ही फाइलींना हात न लावता तुमचं काम सुरक्षित झालं. एनकोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) विचारलं तर यूटीएफ-८ ठेवा. एएनएसआय निवडलंत तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतील आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

हे पाऊल मी कधीच गाळत नाही, कितीही घाई असली तरी. पुढची प्रत्येक दुरुस्ती चुकली तरी इथे परत येता येतं.

नाव नुकतंच बदललंय आणि त्यानंतर सेव्ह केलेलं नाही?

मग सगळं सोपं आहे. फोल्डरच्या खिडकीत रिकाम्या जागी एकदा क्लिक करा आणि कंट्रोल-झेड दाबा. फाइल एक्स्प्लोररमध्ये रीनेमसुद्धा मागे घेता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. जुनं नाव परत आलं की एडिटरमध्ये सेव्ह करा, एडिटर बंद करा आणि मग शांतपणे नाव बदला. नवं नाव, नवा मजकूर, एकच फाइल.

पण एकदा सेव्ह झालं असेल तर कंट्रोल-झेडच्या वाटेला जाऊ नका. जुन्या नावाची दुसरी फाइल तिथं आधीच तयार झालेली असते आणि विंडोज नावांच्या टकरीबद्दल विचारायला लागतं. घाईत माणूस चुकीचं बटण दाबतो.

तारीख, वेळ आणि आकार

दोन फाइली झाल्याच असतील तर फोल्डरमध्ये व्ह्यू मेनूतून ‘डिटेल्स’ निवडा. नावाशेजारी बदलल्याची वेळ आणि आकार दिसतो. काकांच्या लॅपटॉपवर ‘नाटक अंतिम’पुढे दुपारचे ४:१० होते आणि ‘नाटक जुने’पुढे संध्याकाळचे ६:२५. नावावरून जी जुनी, वेळेवरून ती नवी. नुसतं रीनेम केल्यानं ही वेळ बदलत नाही, आतला मजकूर लिहिला गेला तरच बदलते, म्हणून ती नावापेक्षा भरवशाची.

आकारावर एकट्यावर विसंबू नका. काटछाट केली असेल तर नवी फाइल जुनीपेक्षा लहान असते. अर्थात शून्य केबी दिसलं तर थांबा, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

दोन्ही फाइली नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा (कट नको, कॉपी), आणि तिथं उघडून तुम्हाला पक्की आठवते अशी एखादी दुरुस्ती शोधा. कंट्रोल-एफ, त्या वाक्यातले दोन शब्द. ज्या फाइलीत सापडतील ती तुमची. वर्डच्या फाइली असतील तर ‘रिव्ह्यू’ टॅबमधलं ‘कम्पेअर’ दोन्हींतला प्रत्येक फरक रंगानं दाखवतं. इतिवृत्तासाठी मी नेहमी तेच वापरते, कारण ठरावातला एखादा आकडा बदललेला डोळ्यांना सापडत नाही.

एक गुंता इथं होतो. कधीकधी दोन्ही फाइलींत थोडं थोडं नवं असतं: माणसानं रीनेम केलं, जुन्या खिडकीत काम केलं, मग दुसऱ्या दिवशी नव्या नावाची फाइल उघडून तिच्यातही काम केलं. तेव्हा कुठलीच एक खरी नसते. दोन्ही शेजारी उघडून, पानापानानं, हातानं एकत्र करावं लागतं. तीस पानांच्या संहितेला अख्खी दुपार जाते. तेवढी द्यावी, ‘अंदाजे हीच असेल’ म्हणून एक पुसून टाकू नये.

नाव बदललं आणि फाइल उघडेना

यात नव्वद टक्के वेळा नावाच्या शेवटी असलेली शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, नाव टाइप करताना पुसलं गेलेलं असतं. विंडोज त्यावरूनच ठरवतं की फाइल वर्डमध्ये उघडायची की नोटपॅडमध्ये. मजकूर जसाच्या तसा असतो, त्याला काही झालेलं नसतं. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा आणि गेलेली शेपटी परत लिहा: वर्डला ‘डॉट डीओसीएक्स’, नोटपॅडला ‘डॉट टीएक्सटी’. अक्षरं अर्थात रोमन हवीत.

उलटंही होतं. शेपटी लपवलेली असते, माणूस ती स्वतः टाइप करतो आणि फाइलीला दोन शेपट्या लागतात. वरची खूण केली की लगेच दिसतं.

विंडोज नाव बदलूच देत नाही

इथे प्रश्न एकच: फाइल कुणी धरून ठेवलीय? सोप्यापासून शोधत जा.

फोल्डरच्या खिडकीत उजवीकडे फाइलीचं पूर्वदृश्य दिसतंय का? तो प्रिव्ह्यू पेन. फाइल दाखवण्यासाठी तोसुद्धा ती उघडतो आणि कधीकधी सोडत नाही. ऑल्ट-पी दाबून तो बंद करा, मग नाव बदलून बघा. “मी काहीच उघडलेलं नाही” असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे गुन्हेगार हाच निघतो.

नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत वर्ड दिसतंय, पण पडद्यावर वर्डची खिडकी नाही, असं असेल तर वर्ड नीट बंद न होता मागे अडकलंय. पण ‘एंड टास्क’ दाबण्याआधी खालच्या टास्कबारवर नीट बघा, वर्डची दुसरी एखादी फाइल लहान करून ठेवलेली नाही ना. एंड टास्क सगळ्या वर्ड फाइली एकदम बंद करतं, सेव्ह करू का हे न विचारता.

त्यानंतरही वर्ड म्हणत असेल की फाइल अमक्यानं उघडलीय, आणि तो अमका तुम्हीच असाल, तर फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. नावाच्या सुरुवातीला एक नागमोडी खूण आणि डॉलरचं चिन्ह असलेली छोटी फाइल दिसेल. वर्ड फाइल उघडताना ही निशाणी ठेवतं आणि बंद करताना उचलतं. मध्येच वीज गेली तर ती तशीच पडून राहते. वर्ड पूर्ण बंद असल्याची खात्री करून फक्त ती निशाणी डिलीट करा. लिब्रेऑफिससुद्धा अशीच निशाणी ठेवतं, तिच्या नावात रोमन अक्षरांत ‘लॉक’ लिहिलेलं असतं. तिथं नियम तोच.

संगणक रीस्टार्ट करणं हा यावरचा सर्वांना माहीत असलेला उपाय, आणि तो चालतोही. मी तो इतका खाली ठेवलाय कारण रीस्टार्टनं उघड्या खिडक्यांतला सेव्ह न केलेला मजकूर जातो. वरचं ‘वाचवलेलं’ पाऊल करून झालं असेल तरच रीस्टार्ट करा.

कधी अडथळा नावातच असतो. विंडोज फाइलीच्या नावात नऊ चिन्हं चालवून घेत नाही, त्यांत तिरकी रेघ आणि कोलन आहेत. म्हणून तारीख १२/०१ अशी देता येत नाही, १२-०१ द्यावी लागते. मराठीत याला आणखी एक पदर आहे. ‘दुःख’ किंवा ‘अंतःकरण’ लिहिताना पुष्कळ जण विसर्गाच्या जागी कोलन टाइप करतात. कागदावर फरक दिसत नाही, पण फाइलीच्या नावात विसर्ग चालतो आणि कोलन चालत नाही. इन्स्क्रिप्ट या मराठी टाइप करायच्या कीबोर्डवर विसर्ग शिफ्ट धरून शून्याशेजारच्या वजाच्या कळीवर आहे.

सारख्या नावाच्या दोन फाइली

हे प्रकरण मला समजायला बराच काळ लागला, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

एका शाळेतून फाइल आली होती, ‘दुसऱ्या सत्राची प्रश्नपत्रिका’. मॅडमनी शाळेत दुरुस्ती केली, रात्री घरी दुरुस्ती केली, घरची फाइल शाळेच्या फोल्डरमध्ये आणून टाकली. ‘बदलून टाकू का’ असं विंडोजनं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. फोल्डरमध्ये दोन फाइली, दोन्हींचं नाव ‘दुसऱ्या सत्राची प्रश्नपत्रिका’. मॅडम म्हणाल्या, संगणकाला काहीतरी लागलंय.

घोटाळा ‘ऱ्या’मध्ये होता. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’, ‘कर्मचाऱ्यांची’ यांतला अर्धा र दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी टाइप होतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबून ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर येतं. काही कीबोर्ड साधा ‘र’, त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मग पडद्यावर न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात. काही ठिकाणी ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असं साठवलं जातं, जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेल्या नावांत हे विशेष दिसतं. पडद्यावर तिन्ही एकसारखी. विंडोज नाव अक्षरांच्या क्रमांकांवरून तपासतं, दिसण्यावरून नाही, म्हणून त्याच्या दृष्टीनं ही वेगवेगळी नावं आहेत.

तपासणी सोपी आहे. फाइलीवर एफ-२ दाबा, बाणाच्या कळीनं ‘ऱ्या’च्या लगेच पुढे जा आणि बॅकस्पेसनं एकेक पाऊल मागे पुसा. एका फाइलीत जितकी पावलं लागतात त्याहून दुसरीत एखादं जास्त लागलं, तर तुमचं उत्तर मिळालं. मग एस्केप दाबा, म्हणजे नाव आहे तसं राहील. नावाच्या शेवटी किंवा दोन शब्दांमध्ये जास्तीची मोकळी जागा असेल तर तीही अशीच सापडते.

त्यानंतर कुठली ठेवायची हे वर सांगितलेल्या वेळेच्या आणि मजकुराच्या तपासणीवरून ठरवा. आता माझ्याकडच्या सगळ्या फाइलींची नावं मी ‘ऱ्या’ टाळून देते. ‘सत्र-२ प्रश्नपत्रिका’ म्हटलं की प्रश्नच येत नाही.

फाइल दोन संगणकांवरून उघडत असेल

शाळेच्या स्टाफरूममध्ये किंवा कार्यालयात एकच फोल्डर चार जण वापरतात. वर्डची फाइल असेल तर दुसऱ्यानं उघडल्यावर तुम्हाला अडवलं जातं आणि बहुधा त्याचं नावही दिसतं. उठून त्याच्या टेबलापर्यंत जा आणि सेव्ह करून बंद करायला सांगा. साध्या टेक्स्ट फाइलीत कुणी अडवत नाही. जो शेवटी सेव्ह करेल त्याचा मजकूर राहतो, आधीच्याचा पुसला जातो.

ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हसारखी सेवा संगणकातल्या फोल्डरला जोडलेली असेल तर तुम्ही घरी नाव बदलता, ते ऑफिसच्या संगणकावरही बदलतं, पण तिथं नोटपॅड सकाळपासून उघडं असतं. तिथल्यानं सेव्ह केलं की जुन्या नावाची फाइल पुन्हा उगवते आणि तुमच्या घरीही येते. अशा वेळी ती लगेच डिलीट करू नका. दोन्ही संगणकांवरचे एडिटर बंद होईपर्यंत कुठलीच फाइल खरी धरता येत नाही.

इथं एक दिलासा आहे. गूगल ड्राइव्हच्या वेबसाइटवर फाइलीवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्या बघता येतात. वर्ड किंवा टेक्स्ट फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. आणि थेट गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर लिहिता लिहिता नाव बदललं तरी काही बिघडत नाही, कारण तिथं फाइल तिच्या ओळख क्रमांकानं ओळखली जाते, नाव नुसतं वर लावलेलं असतं.

हे सगळं करूनही फाइल कुणी धरलीय ते कळत नसेल, तर विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर आहे. सीपीयू टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फाइलीच्या नावाचा तुकडा टाका, धरणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव येतं. तो प्रोग्रॅम ओळखीचा असेल तर त्याच्या खिडकीत जाऊन बंद करा. नाव अनोळखी असेल तर तिथून बंद करू नका. इथपर्यंत घरच्या माणसानं यावं, याच्या पुढे मी कुणालाच जा म्हणत नाही.

नाव बदलायचं कसं

वर्डमध्ये नवं नाव हवं असेल तर फाइल सेव्ह करून बंद करा आणि मग रीनेम करा. एफ-१२ दाबून ‘सेव्ह ॲज’ केलंत तर जुनी फाइल तशीच राहते आणि खिडकी नव्या फाइलीवर जाते. हेही चालतं, पण मग जुनी फाइल वेगळ्या ‘जुन्या’ फोल्डरमध्ये हलवा, नाहीतर आठवड्यानं कुणीतरी तीच उघडतं. नोटपॅडलाही हेच लागू, फक्त तिथं ‘सेव्ह ॲज’ फाइल मेनूतून करा.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल मेनूतच रीनेम आहे. व्हीएस कोडमध्ये डाव्या बाजूच्या यादीत फाइलीवर एफ-२ दाबा. दोन्हींत एडिटरला नवा पत्ता कळतो आणि पुढचं सेव्ह योग्य जागी जातं. मॅकवर टायटल बारमधल्या नावावरच क्लिक करून नाव बदलता येतं. विम वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की ‘सेव्हॲज’ आज्ञा नवी फाइल करते आणि जुनी डिस्कवर ठेवते, तर ‘फाइल’ आज्ञा फक्त एडिटरच्या आठवणीतलं नाव बदलते. ईमॅक्समध्ये २०२३ च्या २९ व्या आवृत्तीपासून चालू फाइलीचं नाव बदलायची वेगळी आज्ञा आली आहे.

पेजमेकर किंवा इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या पानात बाहेरची फाइल जोडलेली असेल तर तिचं नाव बदललं की जोडणी तुटते. पत्रिका छापायला जायच्या दिवशी नावांना हात लावू नका.

कुठे थांबायचं

फाइल पेनड्राइव्हवरून डिलीट झाली असेल तर थांबा. पेनड्राइव्हवरचं डिलीट रीसायकल बिनमध्ये जात नाही. त्या पेनड्राइव्हवर एकही नवी फाइल टाकू नका, कारण नवी फाइल नेमकी त्या रिकाम्या झालेल्या जागेवर बसू शकते. तो काढून खिशात ठेवा आणि डेटा परत काढणाऱ्याकडे न्या. संगणकात एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) असेल आणि फाइल बिनमधूनही गेली असेल तर वेळ आणखी कमी असतो, कारण एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत जाते. संगणक लगेच बंद करा.

फाइल शून्य केबी दिसते, फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, डिस्कमधून टकटक आवाज येतो किंवा विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारतं: यातलं काहीही असेल तर दोष नाव बदलण्याचा नसून डिस्कचा असू शकतो. ‘नाही’ म्हणा आणि बंद करा. इंटरनेटवरून उतरवलेला दुरुस्तीचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर चालवू नका.

कार्यालयाच्या सर्व्हरवरची फाइल असेल, लेखापरीक्षणाची असेल, सही झालेलं इतिवृत्त असेल, तर तिथल्या संगणक सांभाळणाऱ्यालाच बोलवा. सर्व्हरवरून उघडी फाइल जबरदस्तीनं बंद करता येते, पण पलीकडे कुणाचं अर्धं काम उघडं आहे हे त्यालाच बघता येतं. शिवाय अशा नोंदींत कोणती प्रत ग्राह्य हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं.

आणि फाइलींची नावं तुम्ही बदललेलीच नाहीत, तरी एकामागून एक सगळ्या फाइलींना अनोळखी शेपटी लागत चालली असेल, तर एक क्षणही थांबू नका. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, जोडलेला पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क ओढून काढा. ते फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्यांचं काम असू शकतं. पैसे भरू नका, तज्ज्ञाला आणि सायबर पोलिसांना कळवा.

तज्ज्ञाकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: फाइलीचं जुनं नाव, नवं नाव, कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडी होती, आणि नाव साधारण किती वाजता बदललं. काकांनी त्या रात्री मला एवढंच सांगितलं होतं, आणि पहिली घंटा होण्याआधी प्रॉम्प्टरच्या हातात नवी संहिता होती.